काळजाचा तुकडा आणि विरघळणारा दोरा

मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की दुकानदार न विचारता यकृत तोलून देतो. घरात कुणी 'माझ्या काळजाचा तुकडा' म्हणालं की मात्र आपल्या डोळ्यांसमोर हृदय येतं. खरं तर कलेजी, कलेजा, काळीज ही एकाच घरातली भावंडं, आणि त्यांचं मूळ घर यकृताचं. हृदय नंतर केव्हातरी भाड्यानं राहायला आलं आणि घरमालक होऊन बसलं.

१९८९ साली हा वाक्प्रचार शब्दशः खरा झाला. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आणि काही महिन्यांनी अमेरिकेत शिकागोला सर्जनांनी आईच्या यकृताचा तुकडा काढून तिच्या मुलाला बसवला, आणि ती मुलं जगली. भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ सालचं, दिल्लीतलं. तिथेही वडिलांनी आपल्या दोन वर्षांहून लहान मुलाला यकृताचा भाग दिला होता.

आमच्या घरात ही देवाणघेवाण उलट्या दिशेनं झाली. माझ्या मामांना सिऱ्होसिस. मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव घालून दीड वर्ष झालं, फोन येईना. शेवटी मामेबहीण उभी राहिली. ताई चौतीस वर्षांची, ठणठणीत, एका मुलाची आई. तिच्या यकृताचा उजवा, म्हणजे मोठा भाग काढायचा होता. डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं की उरलेला भाग दोन-तीन महिन्यांत वाढून जवळपास पूर्ववत होतो. आणि हेही सांगितलं की हजारात दोन ते पाच दाते या ऑपरेशनमध्ये दगावतात. ताईनं सही केली. खोलीबाहेर आल्यावर मला म्हणाली, "तू इंजिनीअर ना रे? एवढं सगळं बनवता तुम्ही लोक, हे का नाही बनवत कुठे कारखान्यात?"

मी पेमेंटच्या सर्व्हरवर काम करतो, त्यामुळे प्रश्न चुकीच्या इंजिनीअरला विचारला होता. पण प्रश्न चोख होता. जो अवयव पोटात आपण होऊन वाढतो, तो बाहेर का वाढवता येत नाही? त्यानंतर वर्षभर मी रात्री याच विषयावरचे शोधनिबंध वाचत होतो. जे हाती लागलं ते सांगतो. प्रोमिथिअस आणि त्याचं यकृत रोज खाणारा गरुड यांची गोष्ट अशा लेखात सांगायचा रिवाज आहे. ती आपण सोडून देऊ, कारण खऱ्या गोष्टीत दोऱ्याचं काम जास्त आहे.

*

शरीराबाहेर पेशी जगवण्याची कला तशी जुनी. १९०७ साली रॉस हॅरिसन या अमेरिकन शास्त्रज्ञानं बेडकाच्या भ्रूणातला मज्जासंस्थेचा कण लिंफच्या थेंबात टांगून ठेवला आणि त्यातून मज्जातंतू वाढताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तीसच्या दशकात अलेक्सिस कॅरेल यांनी विमानवाल्या चार्ल्स लिंडबर्गला हाताशी धरून काचेचा पंप बनवला आणि त्यात प्राण्यांचे अख्खे अवयव काही दिवस जिवंत ठेवले. यकृताच्या पेशी मात्र लवकर हाती लागल्या नाहीत. अवयव खरवडला, चाळला, हलवला की त्या फुटायच्या. १९६९ साली बेरी आणि फ्रेंड या दोघांनी युक्ती काढली. उंदराच्या यकृतात रक्ताच्याच वाटेनं एक एन्झाइम सोडायचं, जे पेशींना धरून ठेवणारं जाळं पचवून टाकतं. मग पेशी अलगद सुट्या होतात, जिवंत.

आता अडचण नवीच. त्या पेशी प्लास्टिकच्या बशीत ठेवल्या की दोन-चार दिवसांत आपलं काम विसरतात. अल्ब्युमिन बनवणं कमी होतं, औषधं तोडणारी एन्झाइमं घटतात, आणि मूळचा खड्यासारखा कोनदार आकार जाऊन पेशी पापडासारखी पसरते. मरत नाही, पण यकृताची राहत नाही. गावाकडून आणून शहरात एकट्यानं ठेवलेल्या आजोबांसारखं तिचं होतं.

यकृताची अंतर्रचना कळली की यातलं कारण दिसतं. दीड किलोचा हा अवयव बाहेरून मऊ दगडासारखा वाटतो, पण आतून तो थरांचा आहे. साधारण मिलिमीटरभर रुंदीचे षट्कोनी कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात कडेपासून मधल्या शिरेकडे जाणाऱ्या पेशींच्या भिंती. भिंतीची जाडी फक्त एका पेशीची! त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पेशीच्या दोन्ही अंगांनी रक्त वाहतं. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त या चिंचोळ्या गल्ल्यांतून जातं, त्यातलं पाऊण भाग आतड्यांकडून आलेलं, अन्नानं भरलेलं. यकृत म्हणजे पेशींचा गोळा नाही, तो रक्ताला लागून बांधलेल्या एकपदरी चाळींचा मोहल्ला आहे.

ही ओळ लक्षात ठेवा. पुढची तीस-पस्तीस वर्षं सगळे याच गल्ल्यांशी झगडत राहिले.

*

बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात जोसेफ व्हॅकांटी नावाचे सर्जन होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी तिथे लहान मुलांची यकृत प्रत्यारोपणं सुरू केली. जन्मतःच पित्ताची नळी बंद असलेली बाळं यायची, पिवळी पडलेली, पोट फुगलेलं. बाळाच्या मापाचं यकृत मिळायचं तर दुसरं बाळ मरावं लागायचं. जिवंत दात्याकडून तुकडा घेण्याची रीत अजून रुळायची होती. व्हॅकांटींच्या डोळ्यांदेखत मुलं वाट पाहत जात होती.

त्यांचे जुने परिचित रॉबर्ट लँगर नदीपलीकडे एमआयटीत. दोघांचीही उमेदवारी जुडा फोकमन या सर्जनच्या प्रयोगशाळेत झालेली. फोकमन यांचं म्हणणं असं की गाठ रक्तवाहिन्या ओढून घेते तेव्हाच मोठी होते. वाहिन्या नसतील तर टाचणीच्या डोक्याएवढीच राहते. लँगर हे केमिकल इंजिनीअर, तेव्हा प्लास्टिकमधून औषध हळूहळू सोडण्याच्या मागे लागलेले. तुमच्यापैकी अनेकांना ते दुसऱ्याच कारणानं माहीत असतील, कोविडची लस काढणाऱ्या मॉडर्नाच्या संस्थापकांपैकी ते एक.

दोघांनी आधी चपट्या पॉलिमरच्या चकत्यांवर पेशी वाढवून पाहिल्या. पातळ थर जगे. जाडी वाढवली की आतलं मरे. १९८६ च्या उन्हाळ्यात व्हॅकांटी केप कॉडच्या किनाऱ्यावर सुट्टीला गेले होते. पाण्यात समुद्रशेवाळ हलत होतं. एका दांड्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या, त्यांनाही बारीक तुरे. थोड्या जागेत अफाट पृष्ठभाग, आणि प्रत्येक टोकाला पाणी लागलेलं. निसर्ग जाड गोष्ट जगवतो ती अशी, हे त्यांना तिथे दिसलं. त्यांनी लँगरना फोन लावला आणि विचारलं की असं फांद्याफांद्यांचं पॉलिमर बनवता येईल का, जे नंतर शरीरात विरघळून जाईल?

मला या फोनपेक्षा त्याच्या शेवटच्या अर्ध्या वाक्यात जास्त रस आहे. विरघळणारं प्लास्टिक. ते आलं कुठून?

*

ते टाक्यांतून आलं. शतकानुशतकं सर्जन मेंढीच्या किंवा गाईच्या आतड्यापासून काढलेल्या तातीनं आतल्या जखमा शिवत. तात शरीरात पचते खरी, पण कधी लवकर, कधी उशिरा, आणि सूज आणते. साठच्या दशकात रसायनशास्त्रज्ञ कृत्रिम दोऱ्याच्या शोधात होते. १९६६ साली अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय प्रयोगशाळेतून एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय, शस्त्रक्रियेत वापरायचं पॉलिलॅक्टिक आम्ल. पहिलं नाव, आर. के. कुलकर्णी. रात्री दोन वाजता मोबाइलवर ते नाव वाचून मी एकटाच हसलो. आपली माणसं कुठेकुठे लिहून ठेवतात!

कुलकर्णी आणि सहकाऱ्यांची कल्पना सरळ होती. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याला आंबट करणारं, पळाल्यावर आपल्या स्नायूंत तयार होणारं. त्याचे रेणू साखळीनं जोडले की प्लास्टिक होतं. शरीरातलं पाणी ती साखळी हळूहळू तोडतं आणि उरतं पुन्हा लॅक्टिक आम्लच, ज्याची विल्हेवाट लावायची सवय शरीराला आहेच. प्राण्यांच्या शरीरात ठेवून त्यांनी दाखवलं की ऊतींना त्याचा त्रास होत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये ज्यांनी थ्रीडी प्रिंटरवर मोबाइलचा स्टँड काढला असेल, त्यांनी हाच पदार्थ हाताळला आहे. प्रिंटरची पीएलए वायर ती हीच.

त्याचा धाकटा भाऊ ग्लायकोलिक आम्लाचा. त्यापासून बनलेला डेक्सॉन हा दोरा १९७० च्या सुमारास बाजारात आला, आणि मग दोन्ही आम्लं मिसळून बनवलेला व्हायक्रिल. आपल्याकडे सिझेरियन झालेल्या बाईला नर्स सांगते ना, 'आतले टाके विरघळणारे आहेत', ते या कुळातले. दोन्ही आम्लांचं प्रमाण बदललं की विरघळण्याचा वेळ बदलतो, काही आठवड्यांपासून ते वर्षा-दोन वर्षांपर्यंत.

व्हॅकांटी आणि लँगर यांनी पहिल्या प्रयोगांत व्हायक्रिलसुद्धा वापरलं, जे सर्जनच्या ट्रेमध्ये होतंच. १९८८ साली त्यांचा निबंध आला. उंदरांच्या यकृत, आतडं आणि स्वादुपिंडाच्या पेशी विरघळणाऱ्या पॉलिमरवर पेरून त्या परत प्राण्यांत बसवल्या होत्या. काही पेशी जगल्या, काहींनी गट केले, आजूबाजूला नव्या वाहिन्या आल्या. इमारतीचं काम जवळून पाहिलेल्याला कल्पना लगेच कळेल. स्लॅब टाकताना खालून सेंट्रिंग लावतात, काँक्रीट धरलं की काढून घेतात. इथे सेंट्रिंग काढायला कुणाला जावं लागत नाही, ते स्वतः विरघळतं. याच सुमारास 'टिश्यू इंजिनीअरिंग' हा शब्द रूढ झाला, आणि १९९३ साली दोघांनी 'सायन्स' या नियतकालिकात या शाखेचा जाहीरनामाच म्हणावा असा लेख लिहिला.

*

मग यकृत का झालं नाही?

माझ्या मते सगळी अडचण तीन घड्याळांची आहे. पहिलं घड्याळ पेशीचं. यकृतपेशी ऑक्सिजनची खादाड आहे; तो मिळाला नाही तर काही तासांत गुदमरते. दुसरं घड्याळ रक्तवाहिन्यांचं. बाहेरून लावलेल्या तुकड्यात केशवाहिन्या शिरतात खऱ्या, पण दिवसाला मिलिमीटरहूनही कमी वेगानं. तिसरं घड्याळ दोऱ्याचं, ते आठवड्यांत किंवा महिन्यांत मोजायचं. म्हणजे सेंट्रिंग टिकतं, रस्ता येत असतो, आणि राहणारे पहिल्याच रात्री गेलेले असतात. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर उभे केले, पण वीजजोडणी पुढच्या महिन्यात.

ऑक्सिजन ऊतीत झिरपून किती लांब जातो? साधारण शंभर ते दोनशे मायक्रॉन, म्हणजे दोन केसांच्या जाडीइतका. त्यापलीकडे वाहिनी लागतेच. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच केशवाहिनीभोवतीच्या या झिरपण्याचं गणित मांडलं होतं. केशवाहिन्यांवरच्या कामासाठी १९२० चं नोबेलही त्यांना मिळालं. गणित सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातून पळवाट कुणालाच नव्हती.

म्हणून जे अवयव यशस्वी झाले ते पाहा. १९९७ साली पाठीवर माणसाचा कान असलेल्या उंदराचा फोटो जगभर फिरला. लोक घाबरले, जनुकांशी खेळ चाललाय म्हणाले. प्रत्यक्षात तो कानाच्या आकाराचा विरघळणारा साचा होता, त्यावर गाईच्या कूर्चेच्या पेशी, जोसेफ यांचे भाऊ चार्ल्स व्हॅकांटी यांच्या प्रयोगशाळेतला. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतातच, म्हणून ते जमलं. १९९८ साली प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा अमेरिकेत जखमांसाठी मंजूर झाली, कारण त्वचा पातळ. २००६ साली अँथनी अटाला यांनी सात रुग्णांना त्यांच्याच पेशींपासून मोठं केलेलं मूत्राशय बसवल्याचं जाहीर केलं. मूत्राशय म्हणजे पातळ भिंतीची पिशवी. ज्या अवयवासाठी ही विद्या जन्मली तो यकृत मात्र मागच्या बाकावर बसून राहिला. जाड आणि खादाड, दोन्ही.

व्हॅकांटींच्या गटानं आणखी उपाय केले. आतड्यांच्या पडद्यात, जिथे रक्त भरपूर, तिथे पेशी भरलेले पॉलिमरचे पातळ ताव ठेवले. आतड्यांकडून येणाऱ्या रक्तात यकृताला वाढवणारे घटक असतात. ते आधीच्या यकृतानं संपवू नयेत म्हणून उंदरांमध्ये शिरेची वाटच वळवली. पेशी जास्त टिकल्या. पण काठाकाठानं टिकलेल्या पेशी म्हणजे यकृत नव्हे.

*

थरांची गोष्ट इथे सुरू होते, आणि मला ती सगळ्यात आवडते.

१९८९ मध्ये बॉस्टनच्याच परिसरात जेम्स डन, रोनाल्ड टॉम्पकिन्स आणि मार्टिन यार्मुश यांनी एक साधा प्रयोग केला होता. बशीत कोलॅजेनच्या जेलीचा थर, त्यावर उंदराच्या यकृतपेशी, आणि वरून पुन्हा जेलीचा थर. सँडविच. एका बाजूला जेली दिलेल्या पेशी आठवडाभरात काम सोडत. दोन्ही बाजूंनी दिलेल्या पेशी सहा आठवडे अल्ब्युमिन बनवत राहिल्या. पेशीला काहीही नवं खायला दिलेलं नव्हतं. तिला फक्त दोन्ही अंगांनी शेजार दिला होता, जसा तिच्या मूळ चाळीत असतो. सँडविचचा हा निबंध मी दोनदा वाचला. एवढ्या थोड्या बदलानं एवढा फरक पडल्याचं उदाहरण मला माझ्या क्षेत्रातही फार आठवत नाही.

म्हणजे एक थर जमला. प्रश्न थरांमध्ये रस्ते घालण्याचा.

त्यासाठी व्हॅकांटी गेले केंब्रिजच्या ड्रेपर प्रयोगशाळेत. माझ्या जमातीसाठी ही जवळजवळ तीर्थाची जागा. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाचा संगणक आणि त्याचं सॉफ्टवेअर याच संस्थेच्या पूर्वावतारात बनलं. तिथे जेफ्री बोरेनस्टीन आणि मंडळी सिलिकॉनवर सूक्ष्म खाचा कोरण्यात तरबेज होती. चिपवर तारांचं जाळं कोरतात तसं रक्तवाहिन्यांचं जाळं कोरायचं ठरलं. एका मोठ्या नाल्यातून दोन, दोनातून चार, शेवटी केसाहून बारीक, आणि मग उलट्या क्रमानं गोळा होत बाहेर. २००० साली त्यांचा निबंध आला. कोरलेल्या सिलिकॉन आणि काचेच्या चकत्यांवर यकृतपेशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी वाढवल्या, त्यांचे थर अखंड उचलून घेतले, आणि यकृतपेशींचे थर उंदराच्या पोटातल्या चरबीच्या पडद्यात ठेवले. किनाऱ्यावरचं शेवाळ चौदा वर्षांनी चिपच्या कारखान्यातून बाहेर पडलं.

सिलिकॉन पोटात ठेवता येत नाही. म्हणून पुढची पायरी अशी की सिलिकॉनचा फक्त ठसा ठेवायचा आणि त्यावर विरघळणारं पॉलिमर ओतून छाप घ्यायचा, जसे साच्यातून साखरेचे हलवे काढतात. टाक्यांचं प्लास्टिक यासाठी कडक पडे. २००२ साली लँगर यांच्याकडच्या यादोंग वांग यांनी ग्लिसरॉल आणि एरंडेलापासून मिळणारं सेबॅसिक आम्ल जोडून रबरासारखं ताणलं जाणारं, तरीही शरीरात विरघळणारं पॉलिमर बनवलं. २००६ मध्ये ख्रिस्तोफर बेटिंगर आणि सहकाऱ्यांनी त्याचे नाल्या असलेले पातळ ताव एकावर एक चिकटवले, थरांना आतून जोडणाऱ्या वाटा ठेवल्या, आणि त्यांतून द्रव खेळवत आत यकृताच्या पेशी वाढवल्या. अनेक मजले, प्रत्येक मजल्यावर नळाची लाइन, आणि सगळी इमारत काही काळानं विरघळणार.

त्याच काळात जपानमध्ये अगदी उलटा विचार चालला होता. तोक्योचे तेरुओ ओकानो म्हणाले, सेंट्रिंगच नको. त्यांनी बशीला असं पॉलिमर लावलं जे ३२ अंशांच्या वर पेशींना धरून ठेवतं आणि बशी थंड केली की पाणी शोषून फुगतं व पेशींचा पूर्ण ताव सोडून देतं. तव्यावरून घावन सुटावा तसा. २००७ साली काझुओ ओहाशी यांच्यासह त्यांनी असे यकृतपेशींचे ताव उंदरांच्या कातडीखाली एकावर एक ठेवून यकृतासारखी ऊती उभी केली. त्यातली खरी चलाखी क्रमाची. कातडीखालची जागा आधीच औषध सोडून रक्तवाहिन्यांनी भरून ठेवली होती. आधी रस्ता, मग घरं. तीन घड्याळांपैकी दुसरं त्यांनी आधीच चालू करून ठेवलं.

आता हिशोब करा. यकृतपेशीची जाडी साधारण वीस मायक्रॉन. एक सेंटिमीटर उंची गाठायला पाचशे ताव लागतील, आणि दर काही तावांनंतर वाहिन्यांचा थर. ताईच्या पोटातून निघालेला तुकडा हातभर नव्हता, पण सेंटिमीटरचाही नव्हता.

*

थर रचण्याचा कंटाळा आलेल्यांनी मग दुसरे दोन रस्ते धरले. २०१० मध्ये यार्मुश यांच्या गटातल्या कोर्कुट उयगुन यांनी उंदराचं यकृत घेऊन त्यातून साबण खेळवला, शाम्पूत असतो त्या जातीचा. पेशी धुऊन गेल्या आणि पांढरं, अर्धपारदर्शक, यकृताच्याच आकाराचं जाळं उरलं, वाहिन्यांच्या नाल्यांसकट. त्यात नव्या पेशी सोडल्या. निसर्गाचंच सेंट्रिंग आयतं वापरायचं. २०१३ मध्ये योकोहामाचे ताकानोरी ताकेबे यांनी तर साचा टाकूनच दिला. मूळपेशींपासून बनवलेल्या अपक्व यकृतपेशी, वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी आणि आधारपेशी, तिन्ही एकत्र ठेवल्यावर त्यांनी स्वतःच काही मिलिमीटरची कळी बनवली. उंदरात ठेवल्यावर ४८ तासांत त्या कळीत रक्त वाहू लागलं. ताकेबे तेव्हा तिशीच्या आतले. ही माहिती मी घरी सांगितली नाही.

मधल्या काळात पैसा आला आणि गेला. अमेरिकेतल्या ऑर्गनोव्हो कंपनीनं २०१४ मध्ये छापलेली यकृत-ऊती औषध कंपन्यांना विकायला काढली. ती रुग्णात बसवण्याचा त्यांचा कार्यक्रम २०१९ मध्ये गुंडाळला गेला. बंगळुरूच्या पँडोरमनं २०१५ मध्ये भारतात थ्रीडी प्रिंटिंगनं यकृत-ऊती बनवल्याचं जाहीर केलं होतं. या बातम्यांचे मथळे 'आता अवयव छापून मिळणार' असे असायचे. अशा मथळ्यांनी वेटिंग लिस्टवरच्या घरांत काय होतं ते मी पाहिलंय. मामांनी अशी एक बातमी कापून पाकिटात ठेवली होती.

पण प्रयोगशाळेतलं यकृत निरुपयोगी ठरलं असं कुणी समजू नये. त्याचा उपयोग वेगळ्याच ठिकाणी झाला. ट्रोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं आणि रुग्णांची यकृतं निकामी झाल्यावर २००० मध्ये मागे घ्यावं लागलं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत धोका नीट दिसला नव्हता. रुपयाच्या नाण्याहून लहान यकृतालाही हा प्रश्न विचारता येतो. एमआयटीतल्या संगीता भाटिया, ज्यांचे आईवडील भारतातून अमेरिकेत गेले, त्यांनी यकृतपेशींची बेटं आणि त्यांभोवती आधारपेशी असा चिपसारखा नकाशा आखून त्या पेशी अनेक आठवडे कामसू ठेवल्या. त्यावर औषधंही तपासता येतात आणि यकृतात लपणारा मलेरियाही. २०२२ मध्ये एका अभ्यासात २७ औषधं यकृताच्या चिपवर तपासली, आणि यकृताला घातक ठरलेल्यांपैकी ८७ टक्के तिनं पकडली. त्याच वर्षाअखेरीस अमेरिकेत कायदा बदलला, आणि नवीन औषधाची चाचणी प्राण्यांवर केलीच पाहिजे ही सक्ती गेली.

जाडीचा प्रश्न नासानं २०१६ मध्ये स्पर्धा लावून विचारला. एक सेंटिमीटर जाडीची मानवी ऊती प्रयोगशाळेत तीस दिवस जिवंत ठेवून दाखवा. २०२१ मध्ये पहिली दोन बक्षिसं वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या दोन गटांना मिळाली. अटाला तिथेच आहेत. दोघांनीही यकृतच निवडलं, आणि दोघांनीही थ्रीडी प्रिंटरनं नाल्या असलेला जेलीसारखा साचा करून त्यातून पोषकद्रव्य आणि ऑक्सिजन खेळवला. पहिलं बक्षीस तीन लाख डॉलर. प्रौढ माणसाच्या यकृतात असे सुमारे दीड हजार घन मावतात.

ताईची जखम सहा महिन्यांत भरली. सीटी स्कॅनमध्ये यकृत जवळपास पहिल्याएवढं. मामा आता सकाळी फिरायला जातात आणि गोळ्या वेळेवर घेत नाहीत म्हणून तिच्याकडून बोलणी खातात. आतले टाके कुठले होते ते मी सर्जनना विचारलं. व्हायक्रिल, ते म्हणाले, केव्हाच विरघळले असतील.

सगळ्यात ताजी बातमी थरांच्या आणि साच्यांच्या पलीकडची आहे. पिट्सबर्गचे एरिक लगास यांनी दाखवलं की यकृतपेशी लसिकाग्रंथीत टोचल्या, जिथे रक्ताचा पुरवठा आधीच भरपूर असतो, तर त्या ग्रंथीचंच हळूहळू छोटं यकृत होतं. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत पहिल्या रुग्णाला अशा पेशी दिल्या गेल्या, घशातून नळी घालून पोटातल्या ग्रंथीत. पेशी घेतल्या त्या दान केलेल्या, पण प्रत्यारोपणासाठी नाकारल्या गेलेल्या यकृतातून. अशा एका यकृतातून डझनावारी रुग्णांना पुरतील एवढ्या पेशी निघू शकतात, असं ही उपचारपद्धती बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं आहे. चाचणीत बारा रुग्ण घ्यायचे ठरलं होतं. हे सगळे असे की ज्यांचा आजार प्रत्यारोपणाइतका गंभीर आहे, पण ज्यांना यकृत मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही.